इटलीत शिकायला जाताना रोजच्या जगण्याची घडी कशी बसवावी?

प्रश्न (जळगाव):
माझी मुलगी सप्टेंबरमध्ये पादुआच्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी जात आहे. सायंकाळी सातला जेवणारी, कळण्याच्या भाकरीवर वाढलेली ही मुलगी तिथल्या वेळा, खाणे आणि परीक्षा यांच्याशी कसे जुळवून घेईल, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे, दोन वर्षे पादुआत होतो):
पोहोचल्यापासून कामकाजाच्या ८ दिवसांत निवास परवान्याचा अर्ज टपाल कार्यालयातून करावा लागतो; त्याची पावती तिने जपून ठेवावी. परीक्षेत ३० पैकी १८ गुणांना उत्तीर्ण धरतात, मात्र अनेक परीक्षा तोंडी असल्याने पाठांतराच्या जोरावर गेलेला आपला विद्यार्थी प्राध्यापकांच्या दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो. माझेही तसेच झाले. मिळालेले गुण नाकारून पुन्हा परीक्षेला बसण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते, हे मला फार उशिरा कळले.

उत्तर (नंदुरबार):
लहान दुकाने दुपारी बंद असतात आणि उपाहारगृहांत रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी क्वचितच मिळते. बेसनाची चिंता नको. ‘फारीना दि चेची’ म्हणजे हरभऱ्याचेच पीठ. तिथल्या जांभळ्या वांग्याला आपल्या हिरव्या वांग्याची सर नाही, तरी मी ते गॅसवर भाजले, धुराची सूचना देणारी घंटा वाजली आणि शेजारच्या आजी धावत आल्या. त्यांनाही भरीत वाढले. पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावले.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. घंटेचे तिला आजच सांगतो.