गिरिपुष्पाच्या बहरावर कविता लिहावी का?

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फेब्रुवारीत गिरिपुष्प फुलतं, फिकट गुलाबी. त्यावर कविता लिहायला घेतली होती. मग कळलं, हे झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेचं, वनीकरणात टेकडीवर लावलेलं. त्याच्या दाटीत इथलं गवत मागे हटलं. आता बहराआधी नजर झाडाखाली जाते. एवढं कळल्यावर कौतुक टिकतं का हो?

– टिकतं, पण भाबडं राहत नाही. मुळा-मुठेतली जलपर्णी बघा. जांभळी फुलं देखणीच. पण वनस्पती दक्षिण अमेरिकेतली आणि माजते आपल्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. हे ठाऊक असताना ‘हिरवा गालिचा’ लिहायला माझा हात धजत नाही.

– ताई, गुलमोहरही मादागास्करचा. त्याला काय कवितेतून हाकलायचं? झाड आपणहून आलं नाही, आपण आणलं. तेही येऊ द्या की कवितेत.

– दादा, पटलं. गिरिपुष्प ठेवते. पण पुढच्या कडव्यात कुसळी आणि पवन्या गवत आणणार, आणि त्या गवतात जमिनीवरच घरटं करणारा चंडोल. उघडा माळ म्हणजे ओसाड जागा, असं समजून तिथे झाडं लावायला खड्डे खणतात. त्याचा मला फार राग येतो, आणि तो कवितेत उतरायलाच हवा.