दुधाचे पदार्थ आणि एलडीएल: लोणी, चीज, दही एकाच मापाने मोजायचे का?

निषाद
वय ४१, तब्येत ठणठणीत, एकही गोळी चालू नाही. तरी यंदाच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, १३८ आलं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, दुधाचं सगळं बंद करा. हे सरसकट बंद मला पटत नाही. २०१५ साली स्वीडनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना ८ आठवडे रोज दुधातली ४० ग्रॅम फॅट दिली, एका गटाला क्रीममधून, दुसऱ्याला बटर ऑइलमधून, म्हणजे लोण्यातलं पाणी काढून उरलेल्या निव्वळ फॅटमधून. बटर ऑइलवाल्यांचं एलडीएल वाढलं, क्रीमवाल्यांचं नाही! कारण बहुधा हे: दुधातल्या फॅटच्या प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असतं, ते क्रीममध्ये टिकतं. घुसळताना ते फुटतं आणि बरंचसं ताकात उतरतं, लोण्यात फारसं राहत नाही. चीजचंही तसंच, तेवढीच फॅट लोण्यातून घेतली तर एलडीएल जास्त चढतं. मग लोण्याची शिक्षा दह्याला का?

अबोली
निषाद, त्या चाचणीत जेमतेम ५७ जण होते आणि सगळे जादा वजनाचे, हेही सांगा ना. शिवाय लोण्यापेक्षा चीज बरं म्हणजे चीज चांगलं, असं होत नाही. तीच फॅट सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलातून घेतली तर एलडीएल उतरतं. दुधातल्या फॅटचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग सॅच्युरेटेड, म्हणजे साध्या तापमानाला घट्ट होणारी फॅट. ती वाढली की यकृतावरचे एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर कमी होतात आणि कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहतं. आज धडधाकट आहोत म्हणून हे थांबत नाही, रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षं साठत जातं. मला याचीच काळजी वाटते.

वैशाख
दोघंही प्रमाणावर बोलत नाही आहात. मी रोज "चमचाभर" लोणी खायचो. एकदा बशी वजनकाट्यावर ठेवून तो चमचा मोजला, तर २० ग्रॅम! म्हणजे सुमारे १० ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट. सॅच्युरेटेड फॅट एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००० कॅलरींच्या आहारात ते होतात साधारण २२ ग्रॅम. जवळपास निम्मा कोटा एका चमच्यात, तोही ढीग लावलेला नव्हे.

निषाद
वैशाख, हे मान्य. पण अबोली, लोक दही सोडून तेलाकडे वळत नाहीत, बिस्किटांकडे वळतात. सॅच्युरेटेड फॅटच्या जागी मैदा-साखर आली की एलडीएल थोडं उतरतं खरं, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढतात, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) घसरतं. आणि २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, २१ देशांतल्या १ लाख ३० हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात दूध-दही जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार कमीच दिसला.

अबोली
तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, म्हणजे लोक आपणहून काय खातात ते नुसतं पाहिलं, कुणाला ठरवून काही दिलं नाही. जास्त दूध-दही परवडणाऱ्यांना औषधपाणीही परवडतं, ते आकडेमोडीतून पूर्ण वगळता येत नाही. बिस्किटांचं मात्र खरं, तिथे माझा विरोध नाही. तुमच्यापुरतं सांगते: एका रिपोर्टवर जाऊ नका, काही न बदलताही एलडीएल ५-१० टक्के वरखाली होतं. ८ आठवडे फक्त लोणी बंद करा, दही बिनसाखरेचं चालू ठेवा, त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. आकडा हललाच नाही तर मग दह्याबद्दल बोलू.

निषाद
चालेल. लोणी आजपासून बंद. रिपोर्ट आला की इथेच टाकतो, वाईट आला तरी.