आजाऱ्यांच्या भेटीला जाताना नेमकं काय करावं?

वाडीतली_लेक
वसईच्या आमच्या आळीतल्या गटाने रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आजाऱ्यांना भेटायचं ठरवलंय. पहिल्याच खेपेला आम्ही चौदाजण लकव्याने पडून असलेल्या एका काकांकडे गेलो. जपमाळ झाली, दोन गाणी झाली. काकांनी डोळे मिटले ते आम्ही निघेपर्यंत उघडलेच नाहीत आणि सूनबाई आत चौदा कप चहा करत राहिल्या. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. फादरांना आजाऱ्यांच्या संस्काराचं पवित्र तेल लावायला बोलवू का विचारलं, तर मुलगा म्हणाला, "एवढ्यात नको, बाबा घाबरतील." कसं करावं?

आगाशीकर
तेल म्हणजे शेवट, ही भीती आपल्या आजोबांपासूनची. १९६३ मध्येच आपल्या कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं की हा संस्कार फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. माझ्या वडिलांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तेल लावलं, त्यानंतर नऊ वर्षं त्यांनी केळी शिंपली. मुलाला हे सांगा, पण आधी काकांना विचारा. त्यांना सगळं कळतंय.

सासूची_सून
ताई, मी चार वर्षं सासूबाईंचं केलं, म्हणून त्या सुनेच्या बाजूने लिहिते. लोक यायचे, प्रार्थना करायचे. मला बरं वाटायचं, पण ते गेले की चादर बदलायला मी एकटीच. पावणेदोन वर्षं मला रविवारची मिस्सा मिळाली नव्हती. मग आळीतली एक मावशी आली आणि म्हणाली, "तू जा, मी बसते." चहासुद्धा घेतला नाही तिने. त्या दिवशी मी मिस्साभर रडले.

तिनेच मला दाखवलं की टाचेखाली उशी घालायची नाही. जुन्या लाल लुगड्याची मऊ घडी पोटरीखाली द्यायची, म्हणजे टाच अधांतरी राहते, घासत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. भरवताना बसतं करायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर ठसका लागतो. दोघीच जा, आधी फोन करून जा.

आणि फादर घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, आणतील तेव्हा सुनेलाही मिळू दे. ती घेण्याआधी तासभर उपाशी राहायचा नियम आजाऱ्यांना नाही, तसाच त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही. मला हे फार उशिरा कळलं. किती महिने मी नुसती मेणबत्ती धरून उभी राहायचे, कारण सकाळी चहा-बटर झालेलं असायचं.

वाडीतली_लेक
सूनबाईंना फोन केला. या रविवारी त्या मिस्साला जातील, आम्ही दोघी काकांजवळ बसू. काकांची डावी बाजू लुळी आहे. कूस बदलताना कुठे धरायचं?

सासूची_सून
एकीने खांद्यामागे, दुसरीने कमरेमागे हात घालायचा आणि दोघींनी एकदमच वळवायचं. लुळा हात धरून कधीच ओढू नका, खांदा सरकतो. तो हात आधी त्यांच्या छातीवर ठेवा. आणि वळवण्याआधी काकांना सांगा, "आता उजवीकडे वळवतोय हं."