शिमग्यानंतर उगवलेलं गणपतीतलं चलान (तुमचेही अनुभव लिहा)

जुई_नगरकर

काल गाडीचा इन्शुरन्स भरायला बसले होते. एजंट म्हणाला, ताई, एकदा चलानं बघून घ्या. आमचे हे म्हणाले, आपलं कसलं चलान असणार! महाट्रॅफिकच्या साईटवर नंबर टाकला तर एक हजर. नवी मुंबईतला पाम बीच रोड, मर्यादा ६०, वेग ७८, दंड दोन हजार. तारीख हरतालिकेच्या आदल्या दिवसाची. इथे होळीच्या पोळ्या खाऊन झाल्या.

फोटो उघडला आणि तो सगळा दिवस डोळ्यांपुढे आला. काळपट, दाणेदार फोटो, पण टपावर आडवं बांधलेलं मखर स्पष्ट दिसतंय. निळी नायलॉनची दोरी. आणि मागच्या खिडकीतून बाहेर आलेला एक हात, हिरव्या बांगड्यांचा, दोरी घट्ट धरलेला. सासूबाई! दादरपासून त्यांनी ती दोरी सोडली नव्हती. पाऊस आला की मखराचा सोनेरी कागद सुटायचा आणि त्या ओरडायच्या, "अरे हळू घे, हळू घे."

गाडी दीर चालवत होता. तो म्हणतो, वर मखर असताना ७८ कसा जाईन? यांचं म्हणणं, कॅमेरा कशाला खोटं बोलेल? सासूबाईंना दंडाचं काहीच नाही, त्यांना त्या फोटोची मोठी प्रिंट हवी आहे.

मेसेज कोणालाच आला नव्हता. गाडीच्या नोंदणीत यांचा जुना नंबर आहे, ते सिम कधीच बंद झालंय.

तुमच्याकडे असं उशिरा काय काय आलंय, लिहा. मी पोळ्या उरकून येते.

पारसिक_पॉइंट

सासूबाईंना साष्टांग _/\_

खारघरचा_बाळ्या

आमचं एक्सप्रेसवेवरचं. साताऱ्याहून लग्न आटोपून परत. जुलै २०२४ पासून तिथे नवी कॅमेरा यंत्रणा सुरू झाली ना, त्यानंतरचीच गोष्ट. एकाच प्रवासाची चलानं ओळीने, सगळी बोरघाटातली. सपाटीला १०० आणि घाटात ६०. उतारावर गाडी आपल्या वजनानेच ७०-७५ ला जाते, पाय ब्रेकवर ठेवून ठेवून पोटरी भरून येते. मागून ट्रकवाला हॉर्न मारतो तो वेगळाच. आणि हे कळलं कधी? गाडी विकायला काढली तेव्हा. घेणाऱ्याने माझ्यासमोर मोबाईलवर चेक केलं आणि तेवढे पैसे सरळ भावातून कापून मागितले. लग्नात दिलेल्या आहेराच्या दुप्पट गेले.

मोदक_तळणारी

जुई, मखर दादरला कुठून घेतलंस? थर्माकोल बंद झाल्यापासून आम्ही कागदी पुठ्ठ्याचंच आणतो पण दोन वर्षांत मान टाकतं.

नौपाड्याची_नात

आमचं स्कूटरचं आहे, आणि वेगाचं शेवटी आलं, आधी बाकीचं सगळं आलं. बाबांची एमएच ०४ ची जुनी स्कूटर. कळव्याच्या एका गॅरेजवाल्याला विकली. तो म्हणाला, काका, नावावर मी करून घेतो, तुम्ही फक्त २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या द्या. बाबांनी दिल्या. विषय संपला.

मग यायला लागली चलानं. हेल्मेट नाही. ट्रिपल सीट. सिग्नल तोडला. मग वेग. बाबांना ब्लडप्रेशर, आणि रोज सकाळी चहाबरोबर साईट उघडून बघायची सवय लागली. आई म्हणायची पेपर वाचा त्यापेक्षा. एका फोटोत तिघे बसलेत, मधल्याच्या मांडीवर गॅस सिलिंडर. आई चष्मा लावून म्हणाली, हा तर आपल्याकडे पाण्याचे जार टाकायला यायचा!

शेवटी भावाने त्या मुलाला शोधून काढलं, स्कूटर तिसऱ्याच माणसाकडे होती. फॉर्मच्या झेरॉक्स बाबांनी जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. सह्या देऊन मोकळं होऊ नका, आपलं नाव आरसीवरून (गाडीच्या नोंदणीपत्रावरून) गेलं की नाही ते बघा.

चहाबाज

सिलिंडर घेऊन ट्रिपल सीट आणि वर ओव्हरस्पीड. इंधन कुठलं होतं नक्की?

नौपाड्याची_नात

😂 बाबांना वाचून दाखवते.

वकिलीण_नाही_पण

जुई, थोडं कामाचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची असं त्यात ठरलं, आणि तिच्यात फोटो, यंत्राने मोजलेलं माप, जागा, तारीख, वेळ हे हवं. आता तू म्हणशील, मग माझं रद्द व्हायला हवं. पण नोटीस इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही पाठवता येते. त्या बंद सिमवर मेसेज गेला असेल तर समोरचे म्हणणार, आम्ही वेळेत पाठवला. भांडायचं असेल तर पैसे भरू नकोस, एकदा भरले की तडजोड झाली, मग वाद उरत नाही. साईटवर तक्रार टाक, नाही ऐकलं तर कोर्ट. दोन हजारांसाठी सुट्टी टाकायची का ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि आधी परिवहनच्या साईटवर जाऊन मोबाईल नंबर बदला. चासी नंबर, इंजिन नंबर लागतो, आरसी जवळ घेऊन बस.

जुई_नगरकर

बाप रे, धन्यवाद गं. आरसी देवघराच्या खणात आहे बहुतेक.

मोदक, छबिलदासच्या गल्लीतून घेतलं. घडीचं आहे म्हणून घेतलं, पण एकदा उघडलं की घडी होत नाही.

एपीएमसी_टेम्पो

आमच्या धंद्यात हे रोजचंय. दोन टेम्पो आहेत, वाशी मार्केटमधून माल उचलतो. चलान उशिरा आलं की पहिला प्रश्न, त्या रात्री गाडीवर कोण होतं? ड्रायव्हर बदलतात, एक गावाला जाऊन परत आलाच नाही. जो समोर असेल तो म्हणतो, मालक, मी तर तेव्हा दुसऱ्या गाडीवर होतो. आठ दिवसांत मेसेज आला तर माणूस कबूल करतो, सहा महिन्यांनी कुणाच्या पगारातून कापणार? मग मीच भरतो. आता डायरी ठेवलीय, गाडी, ड्रायव्हर, निघाल्याची वेळ. ड्रायव्हर हसतात. हसू देत.

बाकी कांदा चढलाय, घेऊन ठेवा.

मोदक_तळणारी

दादा, लसूण काय भाव?

एपीएमसी_टेम्पो

ताई, लसणाचं नाव काढू नका.

उपवन_काठी

माझा अनुभव जरा वेगळा. चलान माझ्या नंबरवर, फोटोत पांढरी स्विफ्ट. माझी करड्या रंगाची वॅगनार. फोटो मोठा करून करून बघितला. त्या स्विफ्टच्या नंबर प्लेटला जो स्क्रू होता तो बरोबर ३ च्या डाव्या बाजूला, काळा. त्यामुळे ३ चा झाला ८. माझा आठच आहे. तक्रारीत दोन्ही गाड्यांचे फोटो, आरसी आणि स्क्रूभोवती लाल गोल करून टाकला. रद्द झालं, वेळ लागला पण झालं. म्हणून चलान दिसलं की आधी फोटो उघडा, आकडा नंतर.

चहाबाज

एका स्क्रूपायी दोन हजार! सीआयडीवाले घ्या यांना.

कोपरीकर_काका

सर्व तरुण मंडळींना एक विनंती. व्हॉट्सअ‍ॅपवर "तुमच्या गाडीचे चलान थकले आहे, फाईल उघडा" असे येते ते उघडू नये. आमच्या साडूंनी उघडले. एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल होती. फोन आपोआप चालू लागला आणि खात्यातून रक्कम गेली. ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला म्हणून थोडी अडवता आली. साडूंकडे चारचाकी नाही. सायकल आहे. तरी उघडली.

पारसिक_पॉइंट

काका, शेवटची दोन वाक्यं 🙈

वाघबीळचा_वाघ

मला लोक अदालतीची नोटीस आली होती. सकाळी लवकर गेलो तर आधीच रांग जिन्यापर्यंत. टोकन, मग दुसरं टोकन. सगळे एकमेकांना चलानाचे फोटो दाखवत होते, लग्नाचे अल्बम दाखवतात तसे. एका आजोबांचं चलान पुण्याचं, ते म्हणे मी पुण्याला गेलोच नाही. मागून त्यांचा नातू हळूच बाहेर सटकला. माझ्याकडून पूर्ण रक्कम घेतली, कमी होईल अशी अफवा ऐकून गेलो होतो. पण पावती हातात मिळाली आणि बाहेर वडापाव फर्स्टक्लास होता.

बेलापूर_हिल

पाम बीचला ६० च्या खाली चालवून बघा कोणीतरी. मागचा लाईट मारून मारून आंधळं करतो. सरळसोट रस्ता बांधायचा आणि वर ६० लिहायचं. अर्थात रात्री तिथे जे अपघात होतात ते बघता कॅमेरे हवेतच, हेही खरं. दंडापेक्षा माझा राग उशिराचा आहे. दुसऱ्या दिवशी मेसेज आला तर माणूस तिसऱ्या दिवशी हळू जाईल. सहा महिन्यांनी आला तर तोवर तो त्याच वेगाने रोज जातोय की!

एपीएमसी_टेम्पो

हे बरोबर बोललात.

जुई_नगरकर

अपडेट: फोटो आणि वेळ जुळतेय, त्यामुळे भांडत नाही. दिराने अर्धे जीपे केले, खाली लिहिलंय "मखर भाडे". सासूबाईंची प्रिंट टाकली आहे, सेक्टर ११ चा झेरॉक्सवाला विचारत होता, काकू, हे काय आहे?

मोदक_तळणारी

😂😂 आम्हालाही दाखव. नंबर झाकून.

वाघबीळचा_वाघ

अवांतर: आत्ता घोडबंदर रोडला गायमुखपाशी ट्रॅफिकची काय परिस्थिती? वसईला हळदीकुंकवाला सोडायचंय बायकोला.

उपवन_काठी

पाटलीपाड्यापासून उभं आहे सगळं.

चहाबाज

वाघोबा, वेगाचं चलान येणार नाही ही ग्यारंटी.

वाघबीळचा_वाघ

ती म्हणतेय दादरवरून ट्रेनने जाते. निघतो.