बालकक्षासाठी देणगी: व्हेंटिलेटर घ्यावा की दुसरं काही?

इनचार्ज_सिस्टर:

नमस्कार. एका लहान सरकारी रुग्णालयात मी बालकक्षाची इनचार्ज आहे. खाटा वीस, पण बऱ्याचदा एका खाटेवर दोन मुलं. रात्रपाळीला एकच नर्स. बालरोगतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा येतात, एरवी मेडिकल ऑफिसरच सगळं सांभाळतात. न्यूमोनिया, जुलाब, कुपोषण, मलेरिया आणि नवजात बाळांचा जंतुसंसर्ग, हे आमचं रोजचं काम.

एका देणगीदारांना कक्षाला व्हेंटिलेटर द्यायचा आहे. समिती खूश आहे. मला मात्र रात्रीची एकटी नर्स आणि ते यंत्र, एवढं डोळ्यांसमोर आलं की धडकी भरते. आमच्याकडे दगावणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ जण दाखल झाल्यावर चोवीस तासही काढत नाहीत. समितीला काय सांगू?

निवृत्त_बालरोगतज्ज्ञ:

सिस्टर, तुम्हाला वाटणारी भीती रास्त आहे, आणि ती समितीपुढे याच शब्दांत मांडा. व्हेंटिलेटरवरच्या मुलाजवळून हलता येत नाही. नळी अडकली, निसटली, तर काही मिनिटांत सगळं संपतं. तुमच्या रात्रपाळीत तो माणूस कुठून आणणार?

चोवीस तासांचं जे तुम्ही लिहिलंत, खरा प्रश्न तिथेच आहे. मूल दारात पोचल्यापासून पहिलं औषध मिळेपर्यंत किती वेळ जातो, हे आधी घड्याळ लावून बघा. केसपेपर, रांग, मग तपासणी, मग औषध आणायला नातेवाईक धावणार. झटके येणारं मूल आणि साधी सर्दी झालेलं मूल एकाच रांगेत असतं. आफ्रिकेतल्या मलावी देशात ब्लँटायर शहराच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयाने 2001 मध्ये नेमकी हीच जागा बदलली. मूल आल्याबरोबर त्याच्यावर नजर टाकायची, धोक्याची खूण दिसली तर उपचार तिथल्या तिथे सुरू. दाखल मुलांमधल्या मृत्यूंचं प्रमाण 10 ते 18 टक्के होतं, ते 6 ते 8 टक्क्यांवर आलं.

जागतिक आरोग्य संघटनेची ट्रायाजची, म्हणजे जास्त आजारी मूल आधी निवडून काढण्याची, पद्धत हेच शिकवते. श्वास अडतोय का, मूल निळं पडलंय का, हातपाय गार आणि नाडी क्षीण आहे का, शुद्ध हरपली आहे का, झटके येताहेत का, जुलाबाने पार कोरडं पडलंय का? यातलं एक जरी दिसलं तरी रांग मोडायची. या खुणा ओळखायला डॉक्टर लागत नाही. केसपेपर लिहिणाऱ्यालाही शिकवता येतात, आणि शिकवाव्यातच, कारण मूल सगळ्यात आधी त्याच्या नजरेस पडतं.

पैसे ऑक्सिजनवर घाला. पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं साधन, आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र. नुसत्या डोळ्यांनी ऑक्सिजनची कमतरता बऱ्याच मुलांत कळतच नाही. मूल निळं दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पापुआ न्यू गिनीतल्या पाच रुग्णालयांनी ही दोन साधनं आणली, माणसं शिकवली, आणि न्यूमोनियाच्या मुलांमधले मृत्यू जवळपास 5 टक्क्यांवरून 3.2 टक्क्यांवर आले.

एमओ_रात्रपाळी:

सर, मग बबल सीपॅप का नको? नाकातून सतत थोड्या दाबाने ऑक्सिजन द्यायचा, आणि दाब टिकवायला नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. ढाक्यात तर शाम्पूच्या बाटलीवर केलाय म्हणतात. व्हेंटिलेटरपेक्षा कितीतरी स्वस्त.

निवृत्त_बालरोगतज्ज्ञ:

बरं झालं विचारलंत. ढाक्याचा अभ्यास 2015 चा. साध्या कमी प्रवाहाच्या ऑक्सिजनवर 15 टक्के मुलं दगावली, बबल सीपॅपवर 4 टक्के. वाचून मीही हरखलो होतो. पण 2019 मध्ये मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयाचा अभ्यास आला. मुलं फार आजारी होती आणि रोज देखरेख करायला डॉक्टर नव्हते. तिथे सीपॅपवर 17 टक्के दगावली, साध्या ऑक्सिजनवर 11. तत्त्व तेच, पण भोवतालची माणसं वेगळी. तुमच्या रात्रपाळीत दर तासाला मुलाकडे बघणारं कोणी असेल तेव्हा सीपॅपचा विचार जरूर करा.

सलाइनचंही तसंच. गार पडलेलं तापाचं मूल आलं की भराभर सलाइन सोडायचं, हे आम्ही सगळेच शिकलो. केनिया, युगांडा आणि टांझानियात तीन हजारांहून जास्त मुलांवर ते तपासलं गेलं (2011). जुलाबाची आणि तीव्र कुपोषित मुलं त्यात घेतलेली नव्हती. भराभर द्रव दिलेल्यांत 48 तासांत साधारण 10.5 टक्के गेली, न दिलेल्यांत 7.3. जुलाबाने कोरड्या पडलेल्या मुलाला द्रव हवाच, त्यात बदल नाही. तीव्र कुपोषित मुलाला मात्र शॉक (रक्ताभिसरण ढासळून हातपाय गार, नाडी क्षीण) नसेल तर शिरेतून द्रव देऊच नका. त्याची साखर बघा, अंग गरम ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं भरवा, रात्रीसुद्धा. ही मुलं पहाटेच्या सुमाराला जातात, कारण रात्रीचं भरवणं चुकलेलं असतं. यावर मी राउंडला वर्षानुवर्षं घसा कोरडा केलाय.

यंत्रदुरुस्तीवाला:

मी रुग्णालयांची उपकरणं दुरुस्त करतो. कॉन्सन्ट्रेटर घेणार असाल तर सोबत व्होल्टेज स्टॅबिलायझर घ्याच, आणि वीज जाईल तेव्हासाठी एक भरलेला सिलेंडर कायम तयार ठेवा. यंत्र भिंतीला चिकटवू नका, हवा खेळली पाहिजे. बाहेरची जाळी आठवड्याला धुवा. आतलं झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे, दमटपणाने खराब होतं; यंत्र चालू दिसतं, बुडबुडे येतात, पण बाहेर येतो तो ऑक्सिजन नसतो, नुसती हवा असते. म्हणून बाहेर येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन ॲनालायझर मागून घ्या आणि ते प्रमाण 82 टक्क्यांखाली गेलं की यंत्र बाजूला काढा. ऑक्सिजन अनेक नळ्यांत वाटणारा फ्लो स्प्लिटर घेतला तर एकाच यंत्रावर तीन-चार मुलं भागतात.

ऑक्सिमीटरचा लहान मुलांचा प्रोब, म्हणजे बोटाला लावायचा भाग, वेगळा असतो. मोठ्यांची क्लिप बाळाच्या बोटाला लावून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. प्रोबच आधी तुटतो, तेव्हा जादा घ्या.

खाटेजवळची_आई:

डॉक्टर नाही, पण लिहिते. माझं बाळ न्यूमोनियाने दाखल होतं. रात्री त्याच्या बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती, मी बघत होते, पण ते वाईट असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळी राउंडला कळलं. बाळ वाचलं. दाखल करतानाच आम्हाला सांगा की हे दिसलं तर लगेच हाक मारा. आम्ही जाग्याच असतो.

निवृत्त_बालरोगतज्ज्ञ:

ताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. सिस्टर, छाती आत ओढणं, दूध सोडणं, झटका, हाक मारूनही न उठणं: एवढ्या खुणा दाखल करताना प्रत्येक आईला तोंडी सांगा. फक्त रात्रीची तपासणी आईवर सोपवू नका, ती जबाबदारी आपली.

इनचार्ज_सिस्टर:

सगळ्यांचे मनापासून आभार. देणगीदारांशी फोनवर बोलले. कॉन्सन्ट्रेटरला तयार आहेत, पण नाव लिहिता येईल असं काही मोठं हवं म्हणतात. दारातल्या खोलीत तातडीच्या उपचारांची जागा करून तिला नाव द्यावं, असं समितीला सुचवते आहे. तिथे किमान काय ठेवू?

निवृत्त_बालरोगतज्ज्ञ:

एक टेबल, चांगला दिवा, वजनकाटा. ऑक्सिजन, लहान मुलांचे नेझल प्राँग्ज (नाकात घालायच्या ऑक्सिजनच्या नळ्या), घशातला कफ ओढायचं सक्शन, नवजातापासून मोठ्या मुलापर्यंत सगळ्या मापांचे मास्क असलेली अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). रक्तातली साखर मोजायचा ग्लुकोमीटर, 10 टक्के ग्लुकोज, झटक्यांसाठी डायझेपाम, पहिल्या डोसची अँटिबायोटिक्स, ओआरएस. वजनानुसार डोसांचा तक्ता भिंतीवर लावा. कपाटाला कुलूप असेल तर किल्ली रात्रपाळीच्या नर्सकडे, स्टोअरकीपरकडे नाही.