मदत हवी आहे: डिव्हाइनचे अल्बम नीट ऐकायचेत

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, भिंतीला भिंत लागून यंत्रमाग. अकरावीतला भाचा त्या खटखटीवर मांडीवर ताल धरतो आणि मोबाईलमध्ये रॅप रेकॉर्ड करतो. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मध्येच शेजारच्यांची तेलुगू. त्याचं दैवत मुंबईचा रॅपर डिव्हाइन.

मला आपलं त्याचं रॅपर नेझीसोबतचं २०१५चं 'मेरे गली में' हे गाणं तेवढं माहीत, तेही 'गली बॉय' सिनेमा पाहिल्यामुळे. म्हणून क्रमाने ऐकायला बसलो: २०१९चा 'कोहिनूर', २०२०चा 'पुण्य पाप', २०२२चा 'गुनहगार'. आधी अंधेरीच्या गल्लीतला पोरगा जगाशी भांडत होता. 'पुण्य पाप'मध्ये तो स्वतःच्या मनाशी बोलतो, ते मला जास्त भिडलं. 'गुनहगार'पाशी मात्र गाडी अडली. बीट चकाचक, पण गल्ली कुठाय? भाचा म्हणतो, "मामा, तुमचा कान जुना झालाय." असेलही बाबा!

जाणकारांनी सांगा, हा बदल कसा ऐकायचा? 'गुनहगार'मधली कोणती गाणी आधी लावू? आणि मागाचा आवाज कमी पकडेल असा स्वस्तातला माइक सुचवा. पोराच्या रेकॉर्डिंगमध्ये शब्दांपेक्षा मागाचा धोटाच जास्त ऐकू येतो.