मदत हवी आहे : ऑटिस्टिक ज्युनिअरला समुपदेशकांपर्यंत कसं न्यायचं?

पुण्यातल्या आमच्या कॉलेजात आम्ही विद्यार्थीच पीअर सपोर्ट (विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना आधार देण्याचा) गट चालवतो. प्रशिक्षण दोनच दिवसांचं झालंय. एक ज्युनिअर (वय १९, ऑटिस्टिक) माझ्याकडे येतो. कँटीनच्या गोंगाटात कान झाकून बसतो, म्हणून लायब्ररीमागच्या जिन्यात भेटतो. बोलणं बहुतेक वहीत लिहूनच. परवा लिहिलं, "झोपलो की उठूच नये." आत्महत्येबद्दल थेट विचारलं, तसा बेत नाही म्हणाला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला, पण फोनवर बोलणं त्याला जमतच नाही. समुपदेशकांना नाव न सांगता विचारलं, तर "घेऊन या" एवढंच. ते आठवड्यातून एकदाच येतात. घरी कळवायला त्याची सक्त मनाई.

मी सोबत बसणं, आधी चिठ्ठी पाठवणं, खोली आधी दाखवून आणणं, यातलं कुणाला काय उपयोगी पडलं? आणि तो नाहीच म्हणाला, तर मी नाव केव्हा सांगायचं?